ग्रंथी आणि दैनंदिन लय: प्रयोगाचा क्रम, तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

प्राण्याची एखादी अंतःस्रावी ग्रंथी काढायची, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर आठवडाभर त्याची हालचाल मोजायची, सकाळी दहा वाजता रक्त घेऊन संप्रेरकाचे प्रमाण पाहायचे आणि हालचाल घटलेली दिसताच ‘ही ग्रंथी प्राण्याची दैनंदिन लय नियंत्रित करते’ असे लिहायचे, या आराखड्याचे प्रकल्प प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा करतात. त्यातली प्रत्येक कृती सुटी पाहिली तर बरोबर असते. तरीही निष्कर्ष टिकत नाही, कारण लयीबद्दलचा प्रश्न त्या मोजमापांनी विचारलेलाच नसतो. हालचाल किती झाली हे एक मोजमाप आहे, ती केव्हा झाली हे दुसरे, आणि बाहेरून वेळेची कोणतीही खूण मिळत नसताना ती किती तासांनी परत सुरू झाली हे तिसरे. ग्रंथी यांपैकी एकावर परिणाम करून उरलेल्या दोहोंना न शिवणारी असू शकते.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद शस्त्रक्रियेनंतर घेता येत नाही, आणि अंधारातली नोंद वगळून केवळ दिवस-रात्रीच्या चक्रात घेतलेली माहिती कितीही काळजीपूर्वक विश्लेषित केली तरी ती शरीरातल्या घड्याळाविषयी, म्हणजे लय निर्माण करणाऱ्या आतल्या यंत्रणेविषयी, काही सांगत नाही.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात पक्का करणे

‘ग्रंथीचा लयीवर परिणाम होतो का’ हा प्रश्न प्रयोगासाठी फार सैल आहे. ग्रंथीच्या किमान चार वेगळ्या भूमिका संभवतात आणि प्रत्येकीसाठी लागणारा पुरावा वेगळा आहे.

1. ग्रंथी स्वतःच घड्याळ आहे, म्हणजे लय तिच्यात निर्माण होते. चिमणीतील पीनियल, म्हणजे मेंदूतल्या मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या छोट्या ग्रंथीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. १९६८ मध्ये गॅस्टन आणि मेनाकर यांनी दाखवले की पीनियल काढलेली चिमणी सततच्या अंधारात लय गमावते. पुढे १९७९ मध्ये झिमरमन आणि मेनाकर यांनी दात्या चिमणीची पीनियल ग्रंथी ग्राहक चिमणीच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत बसवली, तेव्हा लय परत आली, आणि ती दात्याच्या वेळेनुसार आली.
2. घड्याळ दुसरीकडे आहे, पण ग्रंथीचे संप्रेरक त्याची वेळ मागेपुढे सरकवते किंवा त्याचा वेग बदलते.
3. घड्याळाचा आदेश ग्रंथी इतर अवयवांपर्यंत पोचवते. स्वतः घड्याळाला हात लावत नाही.
4. संप्रेरक फक्त हालचालीचे एकूण प्रमाण वाढवते किंवा घटवते. अवटू (थायरॉइड) ग्रंथीची कमतरता असलेला प्राणी मंदावतो, परंतु तेवढ्यावरून त्याची लय बिघडली असे म्हणता येत नाही.

सस्तन प्राण्यांत मुख्य घड्याळ अधोथॅलॅमसमधल्या सुप्राकायॅझमॅटिक केंद्रकांत असते. ही केंद्रके नष्ट केल्यावर उंदरांतील कॉर्टिकोस्टेरोन या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या संप्रेरकाची तसेच पाणी पिण्याची आणि हालचालीची लय नाहीशी होते, हे १९७२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. म्हणून उंदीर किंवा हॅमस्टर घेऊन काम करणाऱ्याने पहिल्या भूमिकेचा प्रश्न न विचारता दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या भूमिकेचा विचारावा.

तपासणी: आपला प्रश्न लिहून त्यात ‘आवर्तनकाल’ (लयीचा एक फेरा पूर्ण व्हायला लागणारा वेळ), ‘सुरुवातीची वेळ’ किंवा ‘एकूण प्रमाण’ यांपैकी कोणता शब्द येतो ते पाहावे. एकही येत नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: प्राणी आणि ग्रंथी यांची जोडी निवडणे

सर्वांत महागात पडणारी चूक याच टप्प्यावर होते, आणि ती प्रयोग संपेपर्यंत लक्षात येत नाही.

प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरली जाणारी उंदरांची सी५७बीएल/६ ही जात जवळजवळ मेलॅटोनिन तयारच करत नाही, कारण मेलॅटोनिन बनवणाऱ्या विकरांमध्ये या जातीत जन्मजात दोष आहे. या उंदराची पीनियल ग्रंथी काढून ‘लयीत फरक पडला नाही’ असे नोंदवणे म्हणजे ज्या संप्रेरकाचा परिणाम पाहायचा तेच मुळात नसलेल्या प्राण्यावर प्रयोग करणे होय. सी३एच जात मेलॅटोनिन तयार करते, मात्र तिच्या बहुतेक उपजातींत दृष्टिपटलातील शंकू आणि दंड पेशींचा ऱ्हास होतो. दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिनयुक्त गुच्छिका पेशी शाबूत राहतात, त्यामुळे या प्राण्याचे घड्याळ प्रकाशाशी जुळते. तरीही प्रकाशाच्या तीव्रतेशी संबंधित कोणताही दावा करताना ही बाब नोंदवावी लागते.

एका प्राण्यावरून दुसऱ्यावर निष्कर्ष नेऊ नयेत. चिमणीत पीनियल काढल्यावर अंधारातली लय जाते. मैनाकुळातील युरोपीय स्टार्लिंगमध्ये ती अस्थिर होते, पण प्रत्येक पक्ष्यात नाहीशी होत नाही. जपानी क्वेलमध्ये हालचालीची लय पीनियलशिवायही टिकते, तर कबुतरात ती पूर्णपणे घालवण्यासाठी पीनियल आणि डोळे दोन्ही काढावे लागतात. हिरव्या इग्वानात तर पीनियल काढल्यावर शरीराच्या तापमानाची लय जाते, पण हालचालीची लय राहते. एकाच प्राण्यात एक लय जाते आणि दुसरी राहते, हे मला या विषयातले सर्वांत विचार करायला लावणारे निरीक्षण वाटते. केवळ तापमान मोजून हालचालीविषयी विधान करू नये याला याहून ठोस कारण देता येणार नाही.

लिंगाचाही विचार करावा. मादी हॅमस्टरचे ऋतुचक्र चार दिवसांचे असते आणि माजाच्या दिवशी तिची हालचाल इतर दिवसांपेक्षा लवकर सुरू होते. त्यामुळे तिच्या नोंदीत दर चौथ्या दिवशी एक कमान दिसते. अंडाशय काढलेल्या मादीला एस्ट्रॅडिऑल हे अंडाशयाचे संप्रेरक दिल्यास मुक्त लयीचा, म्हणजे बाहेरून वेळेची खूण नसतानाच्या लयीचा, आवर्तनकाल कमी होतो. हा परिणाम अभ्यासायचा असेल तर मादी हॅमस्टर उत्तम आहे. तो टाळायचा असेल तर नर घ्यावेत, पण नरातही वृषणांचा प्रभाव असतोच: वृषण काढलेल्या नर उंदरांची चाकावरची धाव घटते, त्यांचा आवर्तनकाल वाढतो आणि टेस्टोस्टेरोन दिल्यावर हे बदल उलटतात.

इशारा: शस्त्रक्रियेसाठी संस्थेच्या प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी, भूल आणि वेदनाशमन यांची व्यवस्था आणि प्रशिक्षित हात या तिन्ही गोष्टी आधी हव्यात. प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेविना मिळत असेल, उदाहरणार्थ मादीच्या नैसर्गिक ऋतुचक्राच्या नोंदीवरून किंवा विष्ठेतल्या संप्रेरक-अवशेषांवरून, तर तोच मार्ग निवडावा.

## टप्पा ३: खोली, पिंजरा आणि नोंदयंत्र

लय मोजण्याच्या खोलीत सर्वांत जास्त वेळ प्रकाशासाठी द्यावा. दिवे बंद करून, दार लावून, निदान पंधरा मिनिटे आत बसावे. डोळे अंधाराला सरावल्यावर दाराची फट, यंत्रावरचा हिरवा दिवा, संगणकाच्या पडद्याची उजळ कड हे सर्व दिसू लागते. ते काळ्या चिकटपट्टीने झाकावे. रात्रीचा थोडासा प्रकाशही मेलॅटोनिनचे स्रवण काही मिनिटांत दडपू शकतो, म्हणून ‘जवळजवळ अंधार’ हा या प्रयोगात अंधार नव्हे.

दिवसाच्या टप्प्यात पिंजऱ्याच्या तळाशी साधारण १०० ते ३०० लक्स प्रकाश पुरतो. तो प्रत्येक पिंजऱ्यात मोजावा, कारण मांडणीच्या वरच्या आणि खालच्या फळीवरील प्रकाशात मोठा फरक पडतो आणि त्या फरकाने गट वेगळे दिसू लागतात. अंधारात काम करण्यासाठी मंद लाल दिवा वापरतात, पण ‘लाल प्रकाश कृंतकांना दिसत नाही’ हा समज चुकीचा आहे. तो त्यांना कमी जाणवतो, एवढेच. इन्फ्रारेड दृष्टीयंत्र मिळत असेल तर तेच वापरावे.

प्रकाश रोखला तरी प्राण्याला वेळेची खूण इतर वाटांनी मिळते: रोज ठरावीक वेळी अन्न देणे, पिंजरा बदलणे, शेजारच्या खोलीतला आवाज, वातानुकूलन यंत्र चालू-बंद होताना तापमानात पडणारा फरक. रोज एकाच वेळी मर्यादित अन्न मिळणारे उंदीर त्या वेळेच्या काही तास आधीपासून धावपळ करू लागतात, आणि ही पूर्वहालचाल सुप्राकायॅझमॅटिक केंद्रके नष्ट केल्यावरही टिकते. म्हणून अन्न-पाणी सतत उपलब्ध ठेवावे आणि देखभालीची वेळ रोज बदलावी.

हालचाल मोजण्यासाठी फिरते चाक, इन्फ्रारेड संवेदक, पक्ष्यांसाठी बसण्याच्या दांडीखालची कळ किंवा त्वचेखालचे प्रक्षेपक यंत्र यांपैकी एक निवडावे आणि संपूर्ण प्रयोगात तेच ठेवावे. चाकाची नोंद सर्वांत स्वच्छ येते, पण चाक उपलब्ध असणे हेच प्राण्याचा आवर्तनकाल आणि हालचालीची मांडणी बदलते. एका गटाला चाक आणि दुसऱ्याला संवेदक ही तडजोड करू नये. नोंद ५, ६ किंवा १० मिनिटांच्या एककात साठवावी. तासाच्या एककात सुरुवातीची वेळ अचूक वाचता येत नाही. प्रत्येक प्राणी स्वतंत्र पिंजऱ्यात असावा.

तपासणी: प्राणी न ठेवता यंत्रणा तीन दिवस चालवावी. रिकाम्या पिंजऱ्यात नोंद उमटत असेल तर कंपन किंवा विद्युत अडथळा आहे. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली आहेत का, हेही याच वेळी पाहावे.

## टप्पा ४: आधारनोंद

प्राणी नव्या पिंजऱ्यात आल्यावर निदान दोन आठवडे १२ तास प्रकाश आणि १२ तास अंधार या चक्रात ठेवावेत. या नोंदीतून प्राणी चक्राशी कसा जुळतो ते कळते: निशाचर प्राणी दिवे गेल्यानंतर किती मिनिटांनी हालचाल सुरू करतो, रोजची सुरुवात किती स्थिर आहे, दिवे गेल्यावर हालचाल एकदम उसळते की हळूहळू वाढते.

त्यानंतर प्राण्यांना सतत अंधारात न्यावे आणि किमान दोन, शक्य तर तीन आठवडे तिथेच ठेवावे. हा भाग विद्यार्थी हमखास वगळतात, आणि त्याचे मूल्य संपूर्ण प्रयोगाला द्यावे लागते. प्रकाश-अंधाराच्या चक्रात दिसणारी हालचाल दोन गोष्टींची बेरीज असते. एक आतल्या घड्याळाचा आदेश, आणि दुसरी प्रकाशाची थेट प्रतिक्रिया: दिवा लागला की निशाचर प्राणी दबतो आणि दिवा गेला की बाहेर पडतो, मग त्याचे घड्याळ काहीही सांगत असो. या थेट परिणामाला आपण झाकोळ म्हणू. पीनियल काढलेल्या चिमण्या प्रकाश-अंधाराच्या चक्रात लयबद्ध दिसतात; त्यांच्या लयीचे काय झाले आहे ते अंधारातच उघड होते.

अंधारात प्रत्येक प्राण्याचा स्वतःचा आवर्तनकाल दिसू लागतो. अनेक उंदरांत तो २४ तासांपेक्षा थोडा कमी असतो. समजा, एका उंदराचा २३.६ तास आहे आणि दुसऱ्याचा २३.९, तर १४ दिवसांनंतर पहिल्याची हालचाल ५.६ तास आणि दुसऱ्याची १.४ तास लवकर सुरू होईल, म्हणजे एकाच खोलीतल्या या दोन प्राण्यांच्या आतल्या वेळांत ४.२ तासांचे अंतर पडेल. हा आकडा पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

पहिल्या काही दिवसांची अंधारातली नोंद आवर्तनकाल काढताना वगळावी, कारण आधीच्या चक्राचा प्रभाव काही काळ राहतो. दिवसा जागणाऱ्या पक्ष्यांना पूर्ण अंधारात खाणेपिणे अवघड जाते. त्यांच्यासाठी सतत मंद प्रकाश वापरतात. मात्र तो अतिशय मंद असावा, कारण सततच्या तेजस्वी प्रकाशात निरोगी चिमणीचीही लय मोडते आणि मग दोष ग्रंथीचा की प्रकाशाचा, हे ओळखता येत नाही.

इशारा: ज्या प्राण्याची आधारनोंद अस्पष्ट आहे तो शस्त्रक्रियेसाठी घेऊ नये. वगळण्याचा निकष शस्त्रक्रियेपूर्वी लिहून ठेवावा, नंतर नव्हे.

## टप्पा ५: संप्रेरकाचे नमुने

एका वेळी घेतलेल्या एका नमुन्यावरून संप्रेरकाची लय कळत नाही. निशाचर उंदरांत कॉर्टिकोस्टेरोन दिवे जाण्याच्या सुमारास शिखरावर असते, तर दिवसा जागणाऱ्या प्राण्यांत अधिवृक्क ग्रंथीचे हेच शिखर जागे होण्याच्या वेळी येते. मेलॅटोनिनचे तसे नाही: प्राणी निशाचर असो वा दिनचर, ते रात्रीच वाढते. यामुळे ‘मेलॅटोनिन म्हणजे झोपेचे संप्रेरक’ हे वाक्य उंदरावरच्या प्रबंधात लिहू नये. उंदराचे मेलॅटोनिन तो सर्वाधिक जागा आणि धावता असतानाच शिखरावर असते.

चोवीस तासांत दर चार तासांनी, म्हणजे सहा वेळा नमुना घेणे ही किमान पातळी समजावी. जिथे शिखर अरुंद आहे तिथे तेवढ्याने भागत नाही. सोनेरी हॅमस्टरमध्ये मेलॅटोनिनचे शिखर रात्रीच्या उत्तरार्धात येते आणि थोडेच तास टिकते. चार तासांच्या अंतराने नमुने घेतल्यास ते निसटते. अशा प्राण्यात रात्री दोन तासांच्या किंवा त्याहून कमी अंतराने नमुने घ्यावेत.

वेळ कोणत्या मापाने मोजायची, हे आधी ठरवावे. प्रकाश-अंधाराच्या चक्रात दिवे लागण्याची वेळ शून्य धरावी. १२ तासांच्या दिवसात दिवे जाण्याची वेळ १२ येते. सतत अंधारात भिंतीवरचे घड्याळ निरुपयोगी आहे. तिथे निशाचर प्राण्याच्या हालचालीची सुरुवात ही त्याची आतली वेळ १२ धरावी आणि बाकीचे तास त्याच्या स्वतःच्या आवर्तनकालाच्या चोविसाव्या भागाने मोजावेत. वरच्या उदाहरणातल्या दोन उंदरांचे रक्त पंधराव्या दिवशी एकाच वेळी घेतले, तर चार तासांहून अधिक अंतर असलेल्या दोन आतल्या वेळांचे नमुने एका सरासरीत मिसळतील आणि शिखर सपाट दिसेल. ‘ग्रंथी काढल्याने कॉर्टिकोस्टेरोनची लय नष्ट झाली’ असे काही निष्कर्ष निव्वळ या मिसळीतून येतात.

पकडल्यानंतर साधारण तीन मिनिटांत रक्त घेतले नाही तर कॉर्टिकोस्टेरोनचा आकडा प्राण्याच्या घाबरण्याचा असतो, लयीचा नव्हे. एकाच खोलीतून एकामागून एक प्राणी उचलल्यास शेवटच्या प्राण्याला आधीच धोक्याची जाणीव झालेली असते, म्हणून नमुन्यांचा क्रम गटांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटावा. विष्ठेतून मोजमाप करणार असाल तर रक्तातला बदल विष्ठेत काही तासांनी उमटतो. हा विलंब आपल्या प्राण्यात आधी तपासून घ्यावा आणि मगच शिखराची वेळ सांगावी.

तपासणी: अंधारातले नमुने घेताना प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडला का, याची नोंद प्रत्येक नमुन्यापुढे असावी. पडला असल्यास मेलॅटोनिनचा तो आकडा वापरू नये.

## टप्पा ६: ग्रंथी काढणे आणि दिखाऊ शस्त्रक्रिया

नियंत्रण गटातल्या प्राण्यांवर तीच भूल, तोच छेद, तितकाच वेळ आणि तीच टाके घालण्याची पद्धत वापरून, फक्त ग्रंथी न काढता, दिखाऊ शस्त्रक्रिया करावी. भूल, रक्तस्राव आणि वेदना यांनीही काही दिवस हालचाल घटते आणि तिची वेळ सरकते. अजिबात शस्त्रक्रिया न केलेला गट हा तिसरा गट म्हणून उपयोगी आहे, पण तो दिखाऊ गटाची जागा घेऊ शकत नाही.

प्रत्येक ग्रंथीची स्वतःची अडचण असते. पीनियल ग्रंथी मेंदूच्या मोठ्या शिरेला लागून असल्याने रक्तस्रावाचा धोका असतो आणि आजूबाजूच्या ऊतीला इजा पोचते. अधिवृक्क ग्रंथी काढल्यावर शरीरातले मीठ टिकत नाही, म्हणून उंदरांना साध्या पाण्याऐवजी ०.९ टक्के मिठाचे पाणी द्यावे लागते. ते न दिल्यास प्राणी दगावतात, आणि मरणपंथाला लागलेल्या प्राण्याची मंदावलेली हालचाल लयीचा बिघाड म्हणून मोजली जाते. अवटू ग्रंथीबरोबर परावटू ग्रंथी निघून गेल्या तर कॅल्शियम घसरते आणि प्राण्याला आचके येतात. या सर्व गोष्टी हालचाल बदलतात, आणि त्यांपैकी एकीचाही घड्याळाशी संबंध नसतो.

ग्रंथी पूर्ण निघाली हे गृहीत धरू नये. उंदरांत अधिवृक्कबाह्यकाची ऊती इतरत्र असू शकते आणि ती वाढून कॉर्टिकोस्टेरोन पुन्हा दिसू लागते. प्रयोगाच्या शेवटी रक्तातले संप्रेरक शिखराच्या वेळी मोजावे आणि शवविच्छेदनात जागा तपासावी.

इशारा: जखम भरून येईपर्यंतची नोंद विश्लेषणात घेऊ नये. किती दिवस वगळायचे ते आधी ठरवून सर्व गटांना सारखेच लावावे.

## टप्पा ७: शस्त्रक्रियेनंतरची नोंद

आधारनोंदीचाच क्रम पुन्हा करावा: प्रथम प्रकाश-अंधाराचे चक्र, मग सतत अंधार, दोन्ही तितकेच दिवस. त्यानंतर एक तिसरी चाचणी जोडावी, जी वगळली तर दुसऱ्या भूमिकेचा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्राण्यांना पुन्हा चक्रात स्थिर करून दिवे लागण्या-जाण्याची वेळ एकदम सहा तास पुढे किंवा मागे सरकवावी आणि प्रत्येक प्राणी नव्या वेळेशी किती दिवसांत जुळतो ते पाहावे. ग्रंथी शाबूत असलेल्या उंदराला यासाठी अनेक दिवस लागतात. पीनियल काढलेले उंदीर काही प्रयोगांत अशा शाबूत उंदरांपेक्षा लवकर जुळलेले आढळले आहेत, आणि अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांतही असेच निरीक्षण आहे. दोन्हींमध्ये अंधारातली लय टिकून असते. म्हणजे ग्रंथी घड्याळ चालवत नाही, मात्र त्याला अचानक सरकण्यापासून आवरून धरते. स्थिर चक्रातल्या नोंदीत ही भूमिका कधीच दिसली नसती.

## टप्पा ८: संप्रेरक परत देणे

ग्रंथी काढल्यावर बदल झाला आणि संप्रेरक दिल्यावर तो उलटला, तरच बदल त्या संप्रेरकामुळे होता असे म्हणता येते. देण्याची पद्धत मात्र प्रश्नावर अवलंबून आहे.

त्वचेखालील कुपीतून सतत झिरपणारे संप्रेरक त्याची सरासरी पातळी परत आणते, पण चढउतार आणत नाही. यामुळे बिघाड सुधारला तर संप्रेरकाची उपस्थिती पुरेशी होती, त्याची लय आवश्यक नव्हती, असा अर्थ निघतो. ठरावीक वेळी रोज दिलेली मात्रा चढउतार आणते आणि वेळेची खूणही देते. १९८३ मध्ये रेडमन, आर्मस्ट्राँग आणि एन्ग यांनी सतत अंधारातल्या उंदरांना रोज एकाच वेळी मेलॅटोनिन टोचले. उंदरांची मुक्त लय सरकत सरकत टोचण्याच्या वेळेपाशी आली आणि तिथे २४ तासांच्या आवर्तनाने स्थिरावली. सुप्राकायॅझमॅटिक केंद्रके नष्ट केलेल्या उंदरांत असे होत नाही. यातून मेलॅटोनिनची दुसरी भूमिका सिद्ध होते, पहिली नाही.

इथल्या दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे द्रावकाचा (संप्रेरकाशिवाय फक्त द्रावक टोचलेला) नियंत्रण गट न ठेवणे: रोज पकडून टोचणे हीच प्राण्यासाठी वेळेची खूण असते. दुसरी म्हणजे मात्रा सर्वांना एकाच भिंतीवरच्या वेळी देऊन एका आठवड्यात ‘परिणाम नाही’ असे जाहीर करणे. घड्याळ मेलॅटोनिनला दिवसभर सारखाच प्रतिसाद देत नाही. उंदरांत संवेदनशील खिडकी हालचाल सुरू होण्याच्या थोडी आधी येते. मुक्त लय त्या खिडकीला टोचण्याच्या वेळेपर्यंत आणेपर्यंत काहीच घडत नाही, आणि आवर्तनकाल २४ तासांच्या जवळ असेल तर याला कित्येक आठवडे लागू शकतात.

तपासणी: दिल्यानंतर रक्तातली पातळी नैसर्गिक मर्यादेत आहे का ते मोजावे. मर्यादेच्या अनेकपट मात्रेने झालेला परिणाम औषधाचा परिणाम म्हणून नोंदवावा, ग्रंथीचा म्हणून नव्हे.

## टप्पा ९: नोंद वाचणे

आकडेमोडीआधी प्रत्येक प्राण्याचा ॲक्टोग्राम छापावा: एका ओळीत दोन दिवस आणि प्रत्येक ओळ एक दिवस पुढे सरकलेली. हे चित्र डोळ्यांनी वाचल्याशिवाय संगणकाचा आकडा स्वीकारू नये, कारण नोंदयंत्र एक रात्र बंद पडल्याची खूण चित्रात लगेच दिसते आणि सरासरीत लपते.

आवर्तनकालासाठी काय-वर्ग पिरिओडोग्राम ही सांख्यिकीय पद्धत वापरतात. नोंदीत खंड असतील तर लॉम्ब-स्कार्गल पद्धत अधिक सुरक्षित आहे. किमान दहा दिवसांची अखंड अंधारनोंद नसेल तर आवर्तनकाल दशांशात सांगू नये. ‘लय नाही’ असे म्हणण्यापूर्वी एकूण हालचाल पुरेशी होती का ते पाहावे. फारच थोड्या हालचालीत लय असूनही सांख्यिकीय निकष ओलांडला जात नाही.

सुरुवातीच्या वेळांची सरासरी साध्या बेरजेने काढू नये. रात्री ११ आणि रात्री १ या वेळांना २३ आणि १ मानून भागाकार केला तर उत्तर दुपारचे १२ येते. अशा वेळांसाठी वर्तुळाकार सांख्यिकी वापरावी. तसेच नमुनासंख्या म्हणजे प्राण्यांची संख्या. एका प्राण्याचे वीस दिवस म्हणजे वीस नमुने नव्हेत.

## टप्पा १०: निष्कर्षाचे वाक्य लिहिणे

- प्रकाश-अंधारात एकूण हालचाल घटली, अंधारातला आवर्तनकाल आणि सुरुवातीची स्थिरता तशीच राहिली: संप्रेरक हालचालीचे प्रमाण ठरवते, असे लिहावे. ‘लय’ हा शब्द या वाक्यात येऊ नये.
- अंधारातला आवर्तनकाल बदलला, दिखाऊ गटात बदलला नाही, संप्रेरक दिल्यावर पूर्ववत झाला: संप्रेरक घड्याळाच्या वेगावर परिणाम करते.
- आवर्तनकाल तसाच, पण नव्या वेळेशी जुळण्याचा काळ बदलला: ग्रंथी जुळण्याच्या प्रक्रियेत भाग घेते.
- अंधारात लय नाहीशी झाली: ग्रंथी त्या प्राण्यात लय टिकण्यासाठी आवश्यक आहे. ‘ग्रंथीच घड्याळ आहे’ असे लिहिण्यासाठी याहून अधिक पुरावा लागतो. एकतर ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवून तिच्यातून लयबद्ध स्रवण दाखवावे, किंवा रोपणानंतर दात्याची वेळ ग्राहकात उतरते हे दाखवावे.
- बदल दिसला नाही: त्या जातीत ते संप्रेरक खरोखर स्रवते का, ग्रंथी पूर्ण निघाली का आणि हालचालीखेरीज दुसरी कोणती लय मोजली होती का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच परिच्छेदात द्यावीत.

गटातल्या बहुतांश प्राण्यांनी एक आणि एक-दोघांनी वेगळे उत्तर दिले, तर त्यांना अपवाद म्हणून काढू नये. प्रथम त्यांच्या शवविच्छेदनाची नोंद उघडावी. ग्रंथीचा तुकडा राहिलेला आढळल्यास तो प्राणी ‘अपूर्ण शस्त्रक्रिया’ या स्वतंत्र गटात दाखवावा, आणि ग्रंथी पूर्ण निघालेली असल्यास त्याचा ॲक्टोग्राम इतरांच्या शेजारी, त्याच आकारात छापावा.